दोन कागद, एकच एनएचएस: मुलांच्या लिंगभाव-उपचारांचा सल्ला का बदलला?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका मराठी आईचा प्रश्न, थोडक्यात: “आमचं १३ वर्षांचं लेकरू जन्माने मुलगी. गेलं दीड वर्ष म्हणतं, मी मुलगा आहे. एका मैत्रिणीच्या घरी पूर्वी असंच झालं होतं. तिने २०१९ साली छापून ठेवलेला एनएचएसचा (इथल्या सरकारी आरोग्यसेवेचा) कागद माझ्याकडे आहे. वयात येणं थांबवणाऱ्या औषधाचे परिणाम पूर्णपणे उलटवता येतात, असं त्यात लिहिलंय. आता जीपी (आमच्या फॅमिली डॉक्टर) म्हणतात, ते औषध मिळत नाही आणि मुलांच्या लिंगभाव-क्लिनिकला मी थेट पाठवूही शकत नाही. नवीन कागदावर मजकूर वेगळाच आहे. नवरा म्हणतो, बरं झालं, थोतांड होतं ते, बंद पडलं. पुण्याची नणंद म्हणते, इंजेक्शन मी पाठवते. मूल खोलीबाहेर येत नाही. दोन्ही कागद एनएचएसचेच, मग खरं कोणतं मानू?”

ताई, तुमच्या पत्रात एका ओळीत ‘मुलगी’ आहे, पुढच्या ओळीत ‘तो म्हणाला’ आणि शेवटी पुन्हा ‘ती जेवत नाही’. लिहितानाही तुमचा हात अडखळतोय, हे कळलं. मी या उत्तरात ‘लेकरू’च म्हणते. आपल्या भाषेने ही सोय करून ठेवली आहे, ती वापरू या.

मी बालरोगतज्ज्ञ आहे. मिरजेला शिकले आणि गेली २२ वर्षं इंग्लंडमध्ये काम करते आहे. लिंगभावाच्या प्रश्नाने त्रासलेली मुलं खास क्लिनिकला पोचायच्या आधी आमच्यासारख्यांकडे येतात, आणि क्लिनिकच्या रांगेत असताना पुन्हा आमच्याकडेच येतात. त्यामुळे हा सगळा बदल मी जवळून पाहिला आहे, आणि त्यात माझा स्वतःचा एक दोषही आहे. तो पुढे सांगते.

आधी तुमच्या दोन कागदांचं. २०१९ चा कागद छापला गेला त्या दिवशी एनएचएस खरोखरच तसं सांगत होती. २०२० च्या उन्हाळ्यात तो मजकूर बदलला. दीर्घकालीन दुष्परिणामांविषयी फार थोडी माहिती आहे, आणि औषध थांबवल्यावर शरीर पूर्ववत होतं असं क्लिनिक म्हणत असलं तरी मनावर काय परिणाम होतो ते ठाऊक नाही, असा त्याचा सूर झाला. औषध तेच होतं, मात्राही तीच होती. आधी जी खात्री दिली जात होती, ती मागे घेतली गेली.

ती खात्री मुळात आली कुठून, हे समजलं की पुढचं सगळं सोपं होतं.

वयात येताना मेंदूतून पिट्यूटरी ग्रंथीला एका संप्रेरकाच्या ठरावीक अंतराने टिचक्या बसतात. प्रत्येक टिचकीसरशी ग्रंथी पुढे निरोप धाडते आणि अंडाशय किंवा वृषण कामाला लागतात. ट्रिप्टोरेलिनसारखं औषध त्या संप्रेरकाची नक्कल असतं, पण ते टिचकी मारत नाही, बेल दाबूनच धरतं. पहिले काही दिवस ग्रंथी जास्तच धावपळ करते, मग लक्ष देणं सोडते. निरोप बंद, इस्ट्रोजेन किंवा टेस्टोस्टेरॉन बंद, वयात येणं जिथल्या तिथे थांबतं. दर महिन्याला किंवा तीन महिन्यांनी एक इंजेक्शन.

हे औषध आम्ही बालरोगवाले फार वर्षं वापरतो आहोत, पण वेगळ्या मुलांसाठी. सहा वर्षांच्या पोरीला छाती येऊ लागली, पाळी येईल अशी लक्षणं दिसली, तर तिला हे देतात. ती दहा-अकराची झाली की थांबवतात, आणि तिचं शरीर आपल्या वेळेला आपल्या वाटेने वयात येतं. ‘उलटवता येतं’ हा शब्द तिथला आहे. तिथे तो शोभतो, कारण तिथे औषध थांबवून पुढे काय होतं ते आम्ही हजारदा पाहिलं आहे.

लिंगभावासाठी देताना गोष्ट निराळी असते. इथे औषध अवेळी आलेलं वय थांबवत नाही, वेळेवर येणारं वय थांबवतं. आणि ते घेतलेली बहुतेक सगळी मुलं पुढे टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेनकडे वळतात, म्हणजे त्यांचं स्वतःचं वयात येणं कधी घडतच नाही. मग ‘थांबवलं की पूर्ववत’ हे तपासून पाहायला मुलं उरली कुठे? सहा वर्षांच्या पोरीचा शब्द तेरा वर्षांच्या लेकराला लावला गेला, आणि आम्ही सगळ्यांनी तो लावू दिला.

यात कोणाचा डाव वगैरे नव्हता. १९९० च्या दशकात अ‍ॅमस्टरडॅमच्या डॉक्टरांनी ही पद्धत सुरू केली तेव्हा त्यांच्यासमोर नको त्या शरीरात मोठी झालेली माणसं होती. दाढी आली, आवाज फुटला की ते परत घेता येत नाही. त्याआधी थोडा वेळ मिळाला तर मूल विचार करील, असा त्यांचा हेतू होता. त्यांनी मुलं निवडून घेतली. अगदी लहानपणापासून ही भावना असलेली, मनाचा दुसरा मोठा आजार नसलेली, घरचा पाठिंबा असलेली. २००६ आणि २०११ मध्ये त्यांनी लेख छापले, त्यातली मुलं बरी दिसत होती, आणि जगभर ती पद्धत उचलली गेली.

लंडनमध्ये मुलांसाठीची सेवा १९८९ मध्ये सुरू झालेली होती, ती पुढे टॅव्हिस्टॉक संस्थेकडे आली. २०११ पासून तिथे १२ ते १५ वयाच्या ४४ मुलांवर या औषधाचा अभ्यास झाला. आता इथे थांबून तारखा बघा. २०१४ मध्ये औषध अभ्यासातून बाहेर येऊन नेहमीच्या वापरात आलं. अभ्यासाचा निकाल लोकांसमोर आला डिसेंबर २०२० मध्ये. सहा वर्षं आम्ही निकालाआधीच वाटचाल करत होतो. निकाल काय, तर मुलांच्या मानसिक स्थितीत मोजता येईल असा फरक नाही, ना चांगला ना वाईट. हाडांची घनता त्या वयात जशी वाढायला हवी तशी वाढलेली नाही. आणि ४४ पैकी ४३ मुलं पुढे हार्मोन, म्हणजे टेस्टोस्टेरॉन किंवा इस्ट्रोजेन, घेऊ लागली.

या ४३ चा अर्थ दोन प्रकारे लावतात. एक पक्ष म्हणतो, बघा, मुलं किती नेमकी निवडली होती, एकच मागे फिरलं. दुसरा म्हणतो, विचाराला वेळ मिळावा म्हणून दिलेल्या औषधानंतर जवळजवळ सगळेच एकाच दिशेला जात असतील, तर औषधच त्या दिशेला ढकलत असेल का? मी दोन्ही बाजूंनी खूप विचार केला आहे. त्या अभ्यासात औषध न दिलेला दुसरा गटच नव्हता, म्हणून त्यावरून निवाडा होत नाही. माझं सगळं सांगणं त्या न झालेल्या निवाड्याभोवती आहे.

आता माझा दोष. त्या मधल्या वर्षांत माझ्यासमोर एक बारा वर्षांचं लेकरू आणि त्याची आई बसली होती. आईने विचारलं, “पुढे पस्तावलं तर?” मी म्हणाले, “हे पॉज बटण समजा, दाबलं तसं सोडता येतं.” असंच वाक्य मी आणखी एका घरी वापरलं. त्यातलं पहिलं लेकरू आज मुलगा म्हणून जगतं आहे, नोकरी करतं, सुखात आहे, दिवाळीला मला निरोप पाठवतं. दुसऱ्या घरच्या मुलीने विशीत आल्यावर हार्मोन थांबवले आणि मला पत्र लिहिलं. त्यात तक्रार एकच होती: “तुम्ही माझ्या आईला जे सांगितलं ते तुम्हाला तरी ठाऊक होतं का?” मला ठाऊक नव्हतं. मी ते वाचलेलं होतं, ऐकलेलं होतं, आणि ठाऊक असल्यासारखं बोलले होते. ही दोन आयुष्यं औषध चांगलं की वाईट हे ठरवत नाहीत. पण त्या वाक्याबद्दल मी तिची माफी मागितली आहे, आणि तेव्हापासून पालकांशी बोलताना मी जिभेला आवर घालते.

या सगळ्यात मुलांची संख्या वाढत गेली. २०११-१२ मध्ये या सेवेकडे वर्षाला २५० च्या आत मुलं येत होती, २०२१-२२ मध्ये पाच हजारांवर. आणि मुलंही बदलली. पूर्वी बहुतेक जन्माने मुलगे असत, आणि त्यांची ही भावना अगदी लहानपणापासूनची असे. आता निम्म्याहून जास्त जन्माने मुली, आणि त्रास सुरू झालेला अकरा-बारा-तेराव्या वर्षी. बऱ्याच जणींना सोबत चिंता, नैराश्य, खाण्याच्या तक्रारी, ऑटिझम. म्हणजे अ‍ॅमस्टरडॅमने जी मुलं मुद्दाम वगळली होती तीच आमच्याकडे रांगेत उभी होती, आणि उपचार मात्र अ‍ॅमस्टरडॅमचाच.

मग एकामागून एक गोष्टी घडल्या. डिसेंबर २०२० मध्ये, टॅव्हिस्टॉकमार्फत हे औषध घेऊन पुढे पस्तावलेल्या किरा बेल या तरुणीच्या खटल्यात लंडनच्या उच्च न्यायालयाने म्हटलं, १६ च्या आतल्या मुलांना या उपचाराला समजून संमती देणं फार अवघड आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल फिरवला, हे ठरवणं न्यायाधीशांचं काम नाही, डॉक्टरांचं आहे, असं सांगून. (मला हे दुसरं पटतं. पण मग डॉक्टरांनी ते काम नीट करायला हवं होतं.) उपचारांची पारख करणाऱ्या नाइस या संस्थेने पुरावे तपासले आणि त्यांची विश्वासार्हता ‘अतिशय कमी’ ठरवली. आणि एनएचएस इंग्लंडने डॉ. हिलरी कॅस यांना संपूर्ण सेवेचा आढावा घ्यायला सांगितलं. त्या बालरोगतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजच्या माजी अध्यक्ष, आणि या क्षेत्रात स्वतः काम न केलेल्या, म्हणून मुद्दाम निवडलेल्या.

त्यांचा अंतिम अहवाल १० एप्रिल २०२४ ला आला. ३८८ पानं, ३२ शिफारशी. मी तो पूर्ण वाचला आहे, आणि त्याबद्दल दोन्ही बाजूंनी इतकं चुकीचं बोललं जातं की दोन गोष्टी स्पष्ट करते.

पहिली. ‘९८ टक्के अभ्यास कचऱ्यात टाकले’ असं तुमच्या लेकराने नक्की वाचलं असेल. तसं झालेलं नाही. अहवालासाठी यॉर्क विद्यापीठाने वयात येणं थांबवणाऱ्या औषधाचे ५० आणि हार्मोनचे ५३, असे १०३ अभ्यास पाहिले. त्यातले उत्तम दर्जाचे २ होते हे खरं, पण मध्यम दर्जाचे ५८ सुद्धा विचारात घेतले गेले. म्हणजे ६०. ते सगळे मांडूनही ठाम काही हाती लागलं नाही, हे जास्त गंभीर आहे.

दुसरी गोष्ट तुमच्या यजमानांसाठी. ट्रान्स असणं म्हणजे थोतांड, असं त्या अहवालात कुठेही नाही. काहींसाठी वैद्यकीय मार्ग योग्य ठरेल, असं कॅस लिहितात. कोणतं लेकरू मोठेपणीही याच ओळखीत सुखी राहील आणि कोणाचं वादळ वेगळ्या कारणाचं आहे, हे आज खात्रीने ओळखता येत नाही, असंही लिहितात. औषध थांबलं म्हणजे लेकराचं म्हणणं खोटं ठरलं, असा अर्थ घरात कोणी काढत असेल तर तो अहवालाच्या माथी मारू नये.

अहवालावर टीका झाली, होते आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या मोठ्या संघटनेने आपली भूमिका बदलली नाही. टीकाकारांचा एक मुद्दा मला वजनदार वाटतो: लहान मुलांवरच्या कितीतरी औषधांचा पुरावा असाच कच्चा असतो, मग एवढा कठोर मापदंड इथेच का? माझं उत्तर असं, की जिथे दुसऱ्या टोकाला हाडं, मूल होण्याची क्षमता आणि सगळं पुढचं आयुष्य आहे तिथे मापदंड कडकच हवा. पण हा मुद्दा मांडणाऱ्यांना मी मुलांचे शत्रू मानत नाही, आणि तुम्हीही मानू नका. फिनलंड आणि स्वीडन इंग्लंडच्या आधीच सावध झाले होते. इतर काही देश अजून देतात.

आता प्रत्यक्ष नियम काय आहेत, ते पटपट. मार्च २०२४ मध्ये एनएचएस इंग्लंडने ठरवलं की लिंगभावासाठी हे औषध संशोधनाबाहेर नेहमीच्या उपचारात द्यायचं नाही. त्याच महिनाअखेरीला टॅव्हिस्टॉकची सेवा बंद झाली, आणि लंडनला एक, लिव्हरपूल-मँचेस्टरकडे एक, पुढे ब्रिस्टलला एक, अशी मुलांच्या रुग्णालयांशी जोडलेली नवी केंद्रं सुरू झाली. मे २०२४ च्या अखेरीस सरकारने खाजगी डॉक्टरांनाही १८ खालच्यांसाठी हे औषध द्यायला तात्पुरती बंदी घातली. सरकार बदललं, पक्ष बदलला, तरी बंदी राहिली, आणि ११ डिसेंबर २०२४ ला ती बेमुदत झाली. २०२७ मध्ये तिचा फेरविचार आहे. आधीपासून रीतसर घेत असलेल्या मुलांचं औषध मध्येच तोडलेलं नाही. सोळाव्या वर्षाच्या आसपास हार्मोन देण्याची वाट त्या मार्चमधल्या धोरणात उघडी ठेवली, पण ‘१८ पर्यंत का थांबायचं नाही’ याचं ठोस कारण आणि राष्ट्रीय पातळीवरच्या तज्ज्ञगटाची संमती, अशी अट घातली. औषधावर नीट संशोधन करायची योजना लंडनच्या किंग्ज कॉलेजकडे गेली. तिला नोव्हेंबर २०२५ मध्ये परवानगी मिळाली तेव्हाही दोन्ही बाजूंनी गदारोळ झाला. त्या आशेवर तुम्ही घरचं काही ठरवू नये, एवढंच सांगते.

आणि तुमच्या जीपी बरोबर सांगतायत. २०२४ पासून लिंगभाव केंद्राकडे पाठवायचं काम मुलांची मानसिक आरोग्य सेवा, म्हणजे कॅम्स, किंवा बालरोग विभागच करू शकतो. कॅम्सची रांग, मग केंद्राची रांग. २०२४ मध्ये केंद्राच्या रांगेत पाच हजारांहून जास्त मुलं होती. मला यात सगळ्यात जास्त राग कशाचा येत असेल तर याचा. औषध थांबवण्यामागे कारण होतं. ताटकळत ठेवण्यामागे काहीही कारण नाही. औषधाऐवजी मनाची, घराची, शाळेची सर्वांगीण काळजी देऊ, असं वचन दिलं गेलं होतं. तेराव्या वर्षी दिलेलं वचन सोळाव्या वर्षी पाळलं तर मधली तीन वर्षं त्या लेकराने कुठून आणायची?

म्हणून जीपींकडे परत जा. ‘जेंडर क्लिनिक’ हा शब्द बाजूला ठेवून जे दिसतंय ते सांगा. जेवत नाही, खोलीबाहेर येत नाही, शाळा किती दिवस बुडाली, झोप किती, अंगावर कुठे कापल्याच्या खुणा आहेत का. तारखांसह लिहून न्या. ऑटिझमची शंका कधी कोणी घेतली असेल तर तीही सांगा, त्याची तपासणी वेगळी मागा. या प्रत्येक गोष्टीवर केंद्राची वाट न बघता उपचार व्हायला हवा, तो तुमच्या लेकराचा हक्क आहे. रेफरल कोणत्या तारखेला गेला ते लेखी मागून घ्या.

पाळीचं विचारा. हे बहुतेक आया विचारत नाहीत. अशा लेकरांना महिन्याचे ते चार-पाच दिवस सगळ्यात नकोसे असतात. पाळी आटोक्यात ठेवायला साध्या प्रोजेस्टेरॉनसारख्या गोळ्या असतात, त्या वयात येणं थांबवत नाहीत, वर सांगितलेल्या बंदीत येत नाहीत, आणि त्रास फार असेल तर जीपी त्याबद्दल बोलू शकतात. पण घरातलंही पाहा. तुमच्याकडे सासूबाई सहा महिने राहायला येतात असं लिहिलंय. ‘चार दिवस देवघरात जाऊ नको’ असं कोणी म्हणत असेल तर ते आधी बंद करा. जी गोष्ट ते लेकरू स्वतःपासूनही लपवू पाहतंय ती घरभर जाहीर होते. मी एका घरी पाहिलं आहे, लेकरू पाळीच्या दिवशी जेवायला खालीच उतरत नव्हतं आणि आईला वाटत होतं भूक मेली आहे. आजींनी तो नियम सोडला. कोणाला काही न बोलता, एका सकाळी “फुलं तू वाहा” म्हणून परडी हातात दिली. त्या दिवशी ते लेकरू ताटावर बसलं.

दुसरी घरातलीच गोष्ट, भाषेची. तुम्ही लिहिता, ‘आमच्याशी मराठी बोलणंच सोडलं, फक्त इंग्रजी.’ तुम्हाला वाटतंय ते तुमच्यापासून दूर चाललंय. इंग्रजीत ‘मी आलो’ आणि ‘मी आले’ एकच असतं. मराठीत तोंड उघडलं की क्रियापदाने निवाडा केलेला असतो. ते लेकरू तुम्हाला नाही, त्या क्रियापदाला चुकवत असेल. माझ्याकडची एक मुलगी आजोबांशी फोनवर फक्त ‘हो’, ‘नाही’, ‘बरं’ एवढंच बोलायची, कारण त्या तीन शब्दांना लिंग नसतं. माझं माहेर कोल्हापूरकडचं. आमच्याकडे पोरी बिनदिक्कत ‘मी आलो’, ‘मी जेवलो’ म्हणतात आणि आभाळ कोसळत नाही. आया मुलीला ‘अरे राजा’, ‘ये बाळा’ म्हणतातच. तेव्हा जेवताना कोणी ‘मी जेवलो’ म्हणालं तर ते ऐकून घ्या, दुरुस्त करू नका, आणि मोठा सोहळाही करू नका.

सोहळा नको म्हणते त्याला कारण आहे. नाव, कपडे, सर्वनाम सगळं बदलून शाळेत आणि समाजात वावरणं ही काही बिनपरिणामाची गोष्ट नाही, असं कॅस यांनी लिहिलं आहे, आणि माझा अनुभवही तोच. काही लेकरांना त्याने श्वास घ्यायला जागा मिळते. काहींना पुढे मत बदललं तर परतायची वाट लाजेपायी बंद होते. तेरा वर्षांच्या लेकराचं म्हणणं त्यात मोठं असणार आणि असायलाच हवं. फक्त असं करा, की उद्या ते ‘आता मला वेगळं वाटतंय’ म्हणालं तर त्यालाही घरात तेवढीच जागा असेल. मंडळाच्या गणपतीत कोण काय म्हणेल याची चिंता मात्र सोडा. तिथल्या चार बायकांपेक्षा तुमचं लेकरू तुम्हाला जास्त दिवस हवं आहे.

छाती बांधून ठेवत असेल तर विचारा, ओरडू नका. चिकटपट्टीने किंवा क्रेप बँडेजने बांधणं धोक्याचं आहे, बरगड्यांना आणि श्वासाला इजा होते. झोपताना आणि खेळाच्या तासाला काहीच नको. घट्ट स्पोर्ट्स ब्रा आणि सैल शर्ट यावर बरीच लेकरं राजी होतात, आई चिडलेली नाही हे कळलं तर.

आत्महत्येबद्दल तुम्ही शब्द न वापरता विचारलंय, मी वापरूनच सांगते. औषध बंद केल्यापासून मुलं आत्महत्या करत सुटली आहेत, असं पसरवलं गेलं. सरकारचे आत्महत्या-प्रतिबंध सल्लागार प्रा. लुई अ‍ॅपलबी यांनी जुलै २०२४ मध्ये टॅव्हिस्टॉकच्या नोंदी तपासल्या. न्यायालयाच्या २०२० च्या निकालाआधीच्या तीन वर्षांत ५ आणि नंतरच्या तीन वर्षांत ७ अशा दुःखद घटना होत्या, आणि मोठी वाढ झाल्याच्या दाव्याला या आकड्यांतून आधार मिळत नाही, असं त्यांनी सांगितलं. त्या अफवाच मुलांसाठी घातक आहेत, असंही बजावलं. ‘औषध नाही तर मरण’ हे वाक्य लेकराने कुठे वाचलं असेल तर ते खरं नाही, हे त्याला शांतपणे सांगा. पण या मुलांना धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो, हेही तितकंच खरं. म्हणून सरळ विचारा, “जीव नकोसा होतो का रे कधी?” विचारल्याने कल्पना डोक्यात येत नाही. उत्तर ‘हो’ आलं तर रात्री-अपरात्री एनएचएसच्या १११ ला फोन करून मानसिक आरोग्याचा पर्याय निवडा, जीवाला लगेच धोका वाटला तर ९९९. समॅरिटन्स या मदतवाहिनीचा नंबर ११६ १२३, तो लेकराच्या फोनमध्येही असू द्या.

नणंदबाईंच्या इंजेक्शनला नाही म्हणा. त्यांची माया मला कळते. पण हे औषध देताना हाडांचा डेक्सा स्कॅन, रक्ततपासण्या, उंची, मनःस्थिती हे सगळं कोणीतरी बघत असावं लागतं, आणि इथला कोणताही डॉक्टर त्या पाकिटातल्या औषधाची जबाबदारी घेणार नाही. वर बंदी मोडून औषध पुरवणं इथे गुन्हा आहे. पुण्यातल्याच कुठल्या बुवाकडे किंवा ‘ठीक करून देतो’ म्हणणाऱ्या समुपदेशकाकडे सुट्टीत न्यायचा विचार असेल तर तोही सोडा. एनएचएसचा कोणताही नवा नियम लेकराला ‘सुधरवा’ असं सांगत नाही.

राहिले यजमान. त्यांना पुढच्या तपासणीला सोबत न्या. आणि लेकराला डॉक्टरांशी काही वेळ एकट्याने बोलू द्या, बाहेर बसताना दाराकडे बघत बसू नका. जाताना ते दोन्ही कागद न्या, २०१९ चा आणि आत्ताचा. डॉक्टरांसमोर ते लेकरालाच टेबलावर ठेवू द्या आणि त्यालाच विचारू द्या, हे का बदललं. माझा अंदाज आहे, आजवर त्याला हे कोणी समजावून सांगितलेलं नाही. ‘मिळणार नाही’ एवढंच कळवलंय. डॉक्टर काय म्हणाले ते मला लिहा.